लिफ्टवाल्याची सरकारी मावशी

आमची थोरली बहीण, अक्का, जेवायला बसली की आपल्या माणसांची खुशाली सांगते.

"आज माझा सायकलचोर पास झाला."

"माझ्या तिजोरीवालीला नात झाली."

"माझ्या बेकरीवाल्याने पुन्हा मारामारी केली. पण या वेळी मार त्यानेच खाल्ला, म्हणजे सुधारणा आहे."

पानावर एखादा नवखा पाहुणा असला की त्याचा घास हातातच राहतो. बाई दिसायला चांगल्या घरातली, चष्मा लावणारी, आणि गोतावळा हा असला!

अक्का प्रोबेशन ऑफिसर आहे. सत्तावीस वर्षं झाली, पण हा हुद्दा आमच्या घरात कुणालाही एका वाक्यात सांगता आलेला नाही. भाऊजी 'ती कोर्टात असते' एवढंच म्हणतात, आणि समोरचा हळूच विचारतो, "केस फार दिवस चाललीय का हो?" खरं म्हणजे काम सोपं आहे, सांगायला. पहिल्यांदाच चुकलेल्या आणि फार मोठा गुन्हा न केलेल्या माणसाला न्यायाधीश कधी कधी तुरुंगात धाडत नाहीत. त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतात आणि सांगतात, "वर्षभर नीट वाग. या बाई तुझ्यावर लक्ष ठेवतील." त्या बाई म्हणजे अक्का. दर पंधरवड्याला भेटायचं, हातातलं काम टिकवायचं, कुणाशी भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही. वर्ष सरळ गेलं तर सुटका, नाहीतर राखून ठेवलेली शिक्षा आहेच.

या माणसांची नावं बाहेर फोडायची नाहीत असा नियम आहे. म्हणून अक्का घरातसुद्धा त्यांना धंद्यावरून किंवा गुन्ह्यावरून ओळखते. मीही इथे तेच करणार आहे, कारण हे लिहिलेलं अक्का आधी वाचणार आहे आणि तिच्याकडे लाल पेन आहे.

तिचं ऑफिस कोर्टाच्या मागच्या अंगाला, जुन्या कागदांची खोली आणि स्कूटर लावायची जागा यांच्यामध्ये आहे. खोलीत एक टेबल, एक कपाट, दोन खुर्च्या आणि वारा सोडून बाकी सगळं देणारा पंखा. सुरुवातीला तिची खुर्ची उंच होती आणि समोरची बुटकी. समोरच्याला आपण खालच्या पायरीवर आहोत असं वाटू नये म्हणून अक्काने आपल्या खुर्चीचे पाय थोडे कापून घ्यायचं ठरवलं. काम दिलं तिच्याच देखरेखीखालच्या एका सुताराला. तो सुतार लाकडाच्या चोरीतच सापडलेला होता. हात सवयीने सैल सुटला. तेव्हापासून गुन्हेगाराकडे मान वर करून बघणारी अक्का ही खात्यातली एकमेव अधिकारी आहे. "बरंच झालं," ती म्हणते. "वरून बघितलं की टक्कल दिसतं, खालून बघितलं की डोळे दिसतात."

दहातली सात माणसं मार्गाला लागतात, दोघं कडेकडेने चालतात आणि एक जण पुन्हा आत जातो, असा तिचा हिशेब आहे. आत गेलेल्यालाही ती भेटायला जाते. एक पाकीटमार वर्षभर इतका सरळ वागला की तिने त्याच्या अहवालात पहिल्यांदाच 'उत्कृष्ट' हा शब्द लिहिला. सुटका झाली आणि तिसऱ्या दिवशी तो गर्दीत दुसऱ्याच्या खिशात सापडला. अक्का तुरुंगात गेली तर म्हणाला, "मॅडम, कधीची इच्छा होत होती. पण म्हटलं तुमचा अहवाल जाऊ दे, तुम्हाला कमीपणा नको." अक्का घरी आली ती हसत होती की रडत होती, हे भाऊजींना अजून सांगता येत नाही.

पण मला सांगायचंय ते लिफ्टवाल्याचं. त्यासाठी आधी केळ्यांचं सांगायला हवं.

अक्काला लोकांच्या घरी न कळवता जावं लागतं. आणि सरकारी बाई फाईल घेऊन दारात उभी राहिली की अख्ख्या चाळीच्या खिडक्या उघडतात. वर्षभर नीट वागणाऱ्या माणसाची अब्रू पाच मिनिटांत जाते. म्हणून अक्का फाईल कापडी पिशवीत ठेवते आणि वर डझनभर केळी. (एका न्यायाधीशांनी भर कोर्टात अहवाल नाकाशी धरून विचारलं होतं, "हा कागद पिकलाय का?") खूप वर्षांपूर्वी एका घरी शेजारणीने विचारलं, "या कोण?" आणि त्या घरातली आई घाबरून म्हणाली, "याची मावशी!" अक्का हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मुलाची लाज राखली गेली, तर बिघडलं कुठे? तिथून पुढे दर दुसऱ्या घरात तेच होऊ लागलं. आज या गावात अक्का किमान चाळीस जणांची मावशी आहे, आणि आमच्या आईला अक्काशिवाय मुलगी नाही.

आता लिफ्टवाला. वय एकतीस, लिफ्टचा मेकॅनिक, हाताने हुशार आणि डोक्याने स्टोव्ह. एका पाचमजली इमारतीची लिफ्ट त्याच्याकडे होती. दरवाजा बदलायला हवा असं तो सहा महिने कानीकपाळी ओरडत होता आणि सोसायटीचे सेक्रेटरी 'पुढच्या मीटिंगमध्ये बघू' म्हणत होते. एकदा लिफ्ट बंद पडली, तेव्हा सेक्रेटरींनी खालच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'मेकॅनिकच्या कामचुकारपणामुळे लिफ्ट बंद.' आपलं नाव गेलं तरी चालेल, पण कामाला कुणी नाव ठेवता कामा नये, असा हा माणूस. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी लिफ्टने वर निघाले, आणि तिसरा आणि चौथा मजला यांच्यामध्ये असताना याने खालचा मेन स्विच ओढला. एक तास पन्नास मिनिटं. एकसष्ट वर्षांचा माणूस आतून ओरडत होता, आणि हा पायरीवर बसला, डबा उघडला, जेवला, हात धुतले आणि मग स्विच चालू केला.

वकील म्हणाला, रागाच्या भरात झालं. न्यायाधीश म्हणाले, "रागाच्या भरात स्विच ओढता येतो. डबा रागाच्या भरात खाल्ला का?" एक वर्षाचा बाँड झाला आणि लिफ्टवाला अक्काच्या पदरात पडला.

अकरा महिने झाले. तो एकदाही चुकला नाही. एका महिन्यात सुटायचा होता. आणि नेमकं याच वेळी त्याचं लग्न ठरायला आलं. मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. आईला चष्मा करायला घेऊन गेला आणि आपली नजर तिथे सोडून आला. मुलीचा होकार होता. राहिले होते फक्त तिचे वडील.

मुलीचे वडील विमा कंपनीतून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी अपघात झाला म्हणणाऱ्या माणसांना अपघात खरंच झाला का, हे विचारण्यात घालवली. त्यांना कुणी 'शुभ सकाळ' म्हटलं तरी ते आधी खिडकीबाहेर बघतात.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी अक्का लिफ्टवाल्याच्या घरी गेली. न कळवता. त्याच दिवशी, त्याच वेळी विमावाले मुलाचं घर बघायला निघाले. तेही न कळवता. जिन्यातच त्यांना शेजारीण भेटली. ती त्यांना थेट दारापर्यंत घेऊन आली आणि आत बोट दाखवून म्हणाली, "या बघा त्याच्या मावशी! दर पंधरा दिवसांनी येतात, कध्धी चुकत नाहीत. हातात केळी असतातच. आमच्या सख्ख्या बहिणी वर्षात फिरकत नाहीत हो!" आणि पुण्य पदरात पडल्यासारखी निघून गेली.

खोली दहा बाय बारा. एक खाट, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात हत्यारांची पेटी. लिफ्टवाला खाटेवरून उठला तो उभाच राहिला. त्याची आई चहाचं आधण टाकायला वळली, ते पाणी आहे की नाही हे न बघताच. विमावाले दुसऱ्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी खिशातून छोटी वही काढली.

"मी कळवून येत नाही," ते म्हणाले. "कळवलं की लोक घर आवरतात."

अक्काने नकळत मान डोलावली. हे वाक्य तिचंच होतं.

"बरं झालं तुम्ही भेटलात, मावशी. आईला विचारण्यात अर्थ नसतो. मावशी जरा लांबून बघते. मुलगा कसा आहे?"

आता इकडे आड, तिकडे विहीर. मी मावशी नाही म्हणावं, तर मग कोण? ते सांगायचा तिला अधिकार नाही. हो म्हणावं, तर सत्तावीस वर्षांत बोलली नाही ते खोटं बोलायचं. आणि केळ्यांखाली सगळी उत्तरं तीन प्रतींत ठेवलेली! शेवटी जिभेला जी सवय होती तेच बाहेर पडलं.

"वर्तणूक समाधानकारक आहे."

विमावाल्यांचं पेन थांबलं. "काय आहे?"

"कामावर नियमित. अकरा महिन्यांत गैरहजेरी दोन दिवस, दोन्ही वेळा ताप, डॉक्टरांची चिठ्ठी आहे. आईची काळजी घेतो. संगत चांगली. व्यसन आढळलं नाही."

"आढळलं नाही? म्हणजे तुम्ही शोधलंत?"

अक्काने पिशवीतली केळी सारखी केली.

"राग वगैरे?"

"लक्षणीय सुधारणा."

"सुधारणा. म्हणजे आधी होता. कधीपर्यंत?"

"अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत."

"मावशी," विमावाले खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "तुमचा सगळा मुलगा अकरा महिन्यांचाच दिसतो. त्याच्या आधी काय झालं?"

"ताप!" स्टोव्हपाशी उभी असलेली आई ओरडली. "ताप आला होता त्याला!"

"रागाचा?"

"आई, थांब." लिफ्टवाला पहिल्यांदाच बोलला. "काका, या माझ्या मावशी नाहीत. या कोर्टाच्या अधिकारी आहेत. माझ्यावर केस झाली होती."

आणि मग त्याने सांगितलं. फळा, स्विच, एक तास पन्नास मिनिटं. डब्याचंही सांगितलं, ते न सांगता चाललं असतं. अक्का सांगते की त्याने सगळं उभ्या उभ्या सांगितलं, आणि एकदाही 'पण' म्हणाला नाही. तिच्या मते माणूस सुधारला की नाही याची तीच एक खूण आहे.

विमावाल्यांनी वही मिटली. आधी ते अक्काकडे वळले. "आणि तुम्ही सरकारी अधिकारी असून मावशी म्हणून बसलात?"

"मी बसले नाही, मला बसवलं," अक्का म्हणाली. "पण उठले नाही, ही चूक माझी. त्याची नाही."

"माझ्या मुलीला हे माहीत आहे?"

"दुसऱ्या भेटीतच सांगितलं," लिफ्टवाला म्हणाला.

हा घाव बरोबर लागला. एकतीस वर्षं जगाचं लपलेलं शोधणाऱ्या माणसाच्या घरातच एक गोष्ट लपलेली होती, आणि ती त्यांना सापडली नव्हती. ते उठले. दारापर्यंत गेले आणि वळले.

"ज्याला कोंडलंस, तो माणूस कुठे असतो?"

"हे बघा, तसं सांगता येत नाही," अक्का घाईने म्हणाली. पण लिफ्टवाल्याने हत्यारांच्या पेटीतून पेन्सिल काढली, कॅलेंडरचा कोपरा फाडला आणि पत्ता लिहून विमावाल्यांच्या हातात दिला. "त्यांनाच विचारा, काका. माझ्याबद्दल सांगायचा खरा हक्क त्यांचा आहे."

विमावाले गेल्यावर आईने कपाळावर हात मारला. "अरे, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! ज्याला डांबलंस त्याच्याकडेच चारित्र्याचा दाखला मागायला पाठवतोस?"

तो आठवडा आमच्या घरात वाईट गेला. अक्काने दोनदा भाऊजींना 'आपली पुढची तारीख कधी?' असं विचारलं. "माझ्यामुळे त्याचं लग्न मोडणार," एवढंच ती म्हणायची. मी म्हटलं, "अगं, तू तर चांगलंच बोललीस त्याच्याबद्दल." ती म्हणाली, "तेच तर. कुठली मावशी इतकं मोजून चांगलं बोलते?" तिने स्वतःहून वरिष्ठांना कळवलं की आपल्याला घरोघर मावशी समजलं जातं आणि ते आपण खोडून काढलेलं नाही. आठ दिवसांनी उत्तर आलं: 'यापुढे नाते निश्चित करताना योग्य ती दक्षता घ्यावी.' ते तिने कपाटात जपून ठेवलंय. त्याचा अर्थ लागला की ती तसं वागणार आहे.

विमावाले त्याच आठवड्यात सेक्रेटरींकडे गेले. मुलगी बरोबर गेली. वडील नको म्हणत होते, तर म्हणाली, "बाबा, लग्न माझं आहे. चौकशीत गैरहजर राहायला मी काय आरोपी आहे?" पुढे जे झालं ते विमावाल्यांनी नंतर अक्काच्या ऑफिसात त्या खुर्चीवर बसून सांगितलं, वहीत बघून, प्रश्न आणि उत्तरांसकट.

सेक्रेटरी जिन्याने वर येत होते. हे दोघे लिफ्टने आधी पोचले आणि दारात वाट बघत राहिले. सेक्रेटरी धापा न टाकता आले.

"मी त्याला माफ केलं, असं लिहू नका," बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं. "त्या लिफ्टमध्ये मला वाटलं, मी आता मरतो. अजून मी तिच्यात पाय ठेवत नाही. पाच मजले चढतो. वजन सात किलो उतरलं, डॉक्टर खूश आहेत; हे मी कोर्टात बोललो नाही, नाहीतर त्याला बक्षीस द्यायचे."

"मग तो माणूस कसा आहे?"

"सुरुवातीला त्या मॅडम आल्या. म्हणाल्या, त्याला तुम्हाला भेटायचंय. मी म्हटलं, थोबाड दाखवू नको म्हणावं. त्या म्हणाल्या, बरं. पुन्हा विचारलं नाही. चौथ्या महिन्यात मीच निरोप धाडला, की ये, पण दाराबाहेर उभा राहा. मला ऐकायचं होतं काय सबबी सांगतो. तर हा सबब सांगेचना. मग म्हणाला, 'डबा खात होतो तेव्हा तुमचा आवाज मला ऐकू येत होता. तरी घास उतरत होता. त्याची लाज वाटते.'" "मी एकोणीस वर्षं सेक्रेटरी आहे. माझ्याकडे येऊन कुणी आपली चूक सांगितल्याचं मला आठवत नाही. सगळे शेजाऱ्याची सांगतात."

"पुढे?"

"पुढच्या महिन्यात उंबऱ्याच्या आत आला. त्याच्या पुढच्या महिन्यात चहा. मग एकदा मी सहज म्हटलं, जिन्यात अंधार असतो. तर दुसऱ्या दिवशी पाचही मजल्यांवर दिवे. लिफ्टचं म्हणाल, तर तिचं कामही पुन्हा त्यालाच दिलं, आणि तेव्हापासून ती एकदाही बंद पडलेली नाही. मीटिंगमध्ये मी दरवाजा मंजूर केला. सहा महिने उशीर केला होता, हे माझंही चुकलंच. फळ्यावरचं पुसायला मात्र विसरलो होतो. ते त्याने नाही, मी पुसलं."

विमावाल्यांनी मुलीकडे बघितलं. "तू मला का नाही सांगितलंस?"

"कारण तुम्ही पहिल्याच प्रश्नाला वही मिटली असती. मी दोन महिने त्याला बघितलं आणि मग ठरवलं. तुमचीच शिकवण, बाबा. कागदावर जाऊ नको, जागेवर जाऊन बघ."

विमावाल्यांनी वहीचं नवं पान उलटलं. मग त्यांनी सेक्रेटरींना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, या लग्नाला हो म्हणावं का?"

"मला काय विचारता?" सेक्रेटरी म्हणाले. "मी लिफ्टच्या बाबतीत साक्षीदार आहे, लग्नाच्या नाही. मुलगी समोर बसलीय, तिला विचारा."

"तिचं उत्तर मला दिसतंय. शेवटचा प्रश्न. तुम्हाला बोलावलं तर लग्नाला याल?"

विमावाल्यांनी अक्काला समजावून सांगितलं की हा त्यांचा नोकरीतला जुना प्रश्न. ज्याचं नुकसान झालं तो समोरच्याच्या घरी जेवायला जायला तयार असेल, तर प्रकरण मिटलं समजावं. बाकीच्या सह्या नंतर.

सेक्रेटरींनी खिडकीतून बाहेर बघितलं. "येईन," ते म्हणाले. "पण हॉल तळमजल्यावर हवा. रोज त्याच्यापायी पाच मजले चढतो, निदान त्याच्या लग्नात तरी मला चढायला लावू नका."

"मग?" अक्काने खुर्चीतून मान वर करून विचारलं. तिच्या हातातला कागद थरथरत होता, असं विमावाले सांगतात. पंख्याने, असं अक्का सांगते.

"मग काय? तळमजल्यावरचे हॉल फार कमी आहेत हो या गावात," विमावाले म्हणाले आणि वही खिशात घालून उठले.

त्या महिन्यात लिफ्टवाल्याचं वर्ष संपलं आणि त्याच महिन्यात सासरे-जावई मिळून गावभर हॉल बघत फिरले. एक आवडला तो तळमजल्याचा, पण दारापाशी चार पायऱ्या निघाल्या. विमावाल्यांनी त्या दोनदा मोजल्या आणि तिथूनच सेक्रेटरींना फोन लावला.

"चार पायऱ्या आहेत. चालतील का?"

"कठडा आहे?"

"आहे. हलवून बघितला. पक्का आहे."

"मग चालतील. पण पंखे बघा, मला उकाडा सहन होत नाही."

विमावाल्यांनी फोन बाजूला धरला आणि वर बघितलं. लिफ्टवाल्याने तोवर शिडी शोधून आणली होती.

"पंखे मी बघतो, काका," तो म्हणाला. "तुम्ही फक्त स्विचपाशी उभे राहा."